तृणधान्य प्रकल्प: आधी हंगाम मोजा, मग रक्कम

प्रश्न: गहू आणि मक्याचं देशपातळीवरचं उत्पादन वाढवण्यासाठी तांत्रिक साहाय्याचा प्रस्ताव आमच्या विभागाने पाठवला होता. 'समस्या' या रकान्यात आम्ही 'हेक्टरी उत्पादन कमी' असं लिहिलं. प्रस्ताव 'कारणमीमांसा अपुरी' असा शेरा मारून परत आला. आणखी काय लिहायला हवं होतं?

शेरा योग्य आहे. उत्पादन कमी हे लक्षण झालं. औषध कोणतं द्यायचं ते त्यावरून ठरत नाही, आणि ठरत नसलं की सगळेच 'सुधारित वाण, प्रशिक्षण, यंत्रं' ही ठरलेली यादी लिहून मोकळे होतात.

आधी तीन आकडे शेजारी शेजारी मांडा. त्या हवामानात आणि पाण्यात पीक जास्तीत जास्त किती येऊ शकतं, त्या भागातले चांगले शेतकरी किती घेतात, आणि मधला शेतकरी किती घेतो. समजा हे आकडे हेक्टरी ५ टन, साडेतीन टन आणि २ टन आहेत. पहिल्या आकड्याचा साधारण ८० टक्के भागच व्यवहारात परवडतो, म्हणजे तुमचं खरं छत ४ टनांचं. आता बघा: त्याच जमिनीत, त्याच पावसावर काही शेतकरी साडेतीन टन घेत असतील, तर तंत्र गावात आहेच. कमी आहे ते भांडवल, वेळेवर मिळणारं खत किंवा माहिती. तिथे पैदासकार (नवे वाण तयार करणारा) तज्ज्ञ आणून काही साधणार नाही. उलट चांगल्यातले चांगले शेतकरीसुद्धा सव्वादोन टनांवर अडत असतील, तर प्रश्न वाणाचा, रोगाचा किंवा जमिनीतल्या एखाद्या कमतरतेचा आहे आणि संशोधनाची मदत मागणं योग्य ठरतं.

कारण पक्कं करायला एका हंगामाची 'एक-वजा' चाचणी लावा. एकाच शेतात सहा वाफे: पहिल्यात सगळी शिफारस, दुसऱ्यात नत्र (नायट्रोजन) वगळून, तिसऱ्यात स्फुरद (फॉस्फरस) वगळून, चौथ्यात पालाश (पोटॅश) वगळून, पाचव्यात तणनियंत्रण शेतकऱ्याच्या नेहमीच्या पद्धतीने, सहाव्यात वाण शेतकऱ्याचा. ज्या वाफ्यात सर्वांत मोठी घट, तो तुमचा अडसर. भाताच्या पट्ट्यात जस्ताचा एक वाफाही वाढवा, कारण सतत पाणी साचणाऱ्या चुनखडीच्या जमिनीत जस्ताची कमतरता बऱ्याचदा असते आणि नुसतं नत्र वाढवून तिथे फरक पडत नाही.

मग प्रत्येक कारणाला पुन्हा 'का' विचारा. गव्हाची पेरणी उशिरा होते म्हणून घट येते असं दिसलं (योग्य मुदतीनंतर दर दिवशी साधारण एक टक्का घट धरायला हरकत नाही), तर पेरणी उशिरा का? आधीचं भात उशिरा निघतं म्हणून. काढणीनंतर मशागतीला दोन आठवडे जातात म्हणून. इथवर आलात की उपाय स्वतःहून पुढे येतो: भाताचा लवकर येणारा वाण आणि विनामशागत पेरणीयंत्र. 'उशिरा पेरणीला चालणारा गव्हाचा वाण' हा त्यामानाने दुय्यम इलाज.

ही चाचणी मुख्य प्रकल्पात घालू नका. एका हंगामाचा पूर्वतयारीचा छोटा टप्पा वेगळा मागा. निधी देणाऱ्यांनाही ते आवडतं, कारण मोठी रक्कम चुकीच्या जागी जाण्याची भीती कमी होते.

प्रश्न: गव्हाचा नवा वाण चाचण्यांत चांगला ठरला आहे. प्रकल्पाची मुदत तीन वर्षं. या काळात तो एक लाख हेक्टरवर नेऊ असं प्रस्तावात लिहावं का?

लिहिण्याआधी उलटा हिशेब करा. बहुतेक प्रस्ताव याच ठिकाणी कोसळतात.

एक लाख हेक्टर, हेक्टरी १०० किलो बियाणं, म्हणजे १०,००० टन प्रमाणित बियाणं (तपासून शेतकऱ्याला विकलं जाणारं). ते एकदम तयार होत नाही: मूळ शुद्ध बियाण्यापासून पैदासकार, त्यापासून पायाभूत आणि त्यापासून प्रमाणित, अशा पायऱ्या असतात. बीजोत्पादनाच्या शेतातून ३ टन धान्य निघालं तरी ते सगळं बियाणं होत नाही. चाळणीत बारीक आणि फुटके दाणे जातात, काही शेतं तपासणीत नापास होतात, काही लॉट उगवणीत. हाती हेक्टरी २ टन धरा. मग १०,००० टनांसाठी ५,००० हेक्टर प्रमाणित बीजोत्पादन लागेल. त्याच्या पेरणीला ५०० टन पायाभूत बियाणं. तेवढं तयार करायला २५० हेक्टर. त्याला २५ टन पैदासकार बियाणं, म्हणजे साडेबारा हेक्टर. त्याला सव्वा टन मूळ शुद्ध बियाणं.

आता हंगाम मोजा. पहिल्या हंगामात साडेबारा हेक्टर, दुसऱ्यात अडीचशे, तिसऱ्यात पाच हजार, आणि शेतकऱ्याच्या एक लाख हेक्टरवर पेरणी चौथ्या हंगामात. तेही सव्वा टन शुद्ध बियाणं आज कोठारात असेल तर. हातात फक्त ५ किलोची पिशवी असेल, तर गव्हात बियाणं हंगामाला साधारण वीसपट होतं: ५ किलोचे १०० किलो, १०० किलोचे २ टन. म्हणजे आणखी दोन हंगाम. वर्षातून एकच हंगाम मिळत असेल तर पिशवीपासून शेतकऱ्यापर्यंत पाच वर्षं केवळ बियाणं वाढवण्यात जातात आणि सहाव्या वर्षी पेरणी होते. तीन वर्षांच्या प्रकल्पात एक लाख हेक्टर लिहिणारा माणूस एकतर हा गुणाकार करत नाही, नाहीतर मूल्यमापन दुसऱ्याच्या कारकिर्दीत होईल अशी त्याची आशा असते.

वेळ वाचवायचे मार्ग आहेत. थंड उंचावरच्या भागात किंवा ओलिताखाली बिगरहंगामी पीक घेऊन एका वर्षात दोन पिढ्या काढता येतात. सुरुवातीच्या पिढ्यांत पातळ पेरणी करून, फुटवे वाढवून, बियाण्याची पट वाढवता येते. मक्यात हेक्टरी २० किलोच बियाणं लागतं, त्यामुळे तिथे एका हंगामात शंभरपट सहज होते. लावणीच्या भातातही वेग बराच आहे. अडतो तो गहू आणि जव.

तिसरा मार्ग म्हणजे तयार बियाणं मोठ्या प्रमाणात आयात करणं. भारताने १९६६ मध्ये मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं, त्याची नेहमी आठवण काढली जाते. हेक्टरी १०० किलोने ते सुमारे १ लाख ८० हजार हेक्टरला पुरणारं होतं, म्हणजे पायऱ्या एका फटक्यात ओलांडल्या गेल्या. पण ज्यांना त्याचं अनुकरण करायचं असतं ते दोन गोष्टी विसरतात. एक, मेक्सिकोत हे बुटके गहू तयार करणारे शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांच्या वाणांच्या चाचण्या भारतीय संशोधकांनी १९६३ पासूनच देशभर वेगवेगळ्या ठिकाणी चालवल्या होत्या. दोन, वाणाबरोबर पेरणीची पद्धत बदलावी लागली. बुटक्या गव्हाचा कोंब आखूड असतो. जुन्या उंच वाणासारखा तो खोल ओलीत टाकला तर जमिनीबाहेरच येत नाही. सुमारे ५ सेंटीमीटरवर पेरावा लागतो. आणि पहिलं पाणी मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी मुळं) फुटताना, म्हणजे २० ते २५ दिवसांनी चुकवून चालत नाही. शिवाय आयात केलेल्या लेर्मा रोहो ६४ या वाणाचा दाणा लालसर होता, बाजारात त्याला भाव कमी मिळे. पुढे मेक्सिकोतूनच आलेल्या पैदास-साहित्यातून निवडलेले कल्याण सोना आणि सोनालिका हे पांढुरक्या, अंबर दाण्याचे वाण आल्यावर खरा पसारा झाला. दाण्याचा रंग, चपातीची किंवा भाताची चव, जनावरांना मिळणारा कडबा-भुसा, या गोष्टी चाचणीच्या तक्त्यात रकाना म्हणून घाला. नसल्या तर उत्पादनाच्या बळावर 'पास' झालेला वाण गावात नापास होतो.

उद्दिष्ट ठरवताना आणखी एक सवलत धरा. गहू, भात ही स्वपरागित पिकं, म्हणजे फुलाला स्वतःचाच पराग लागतो आणि वाण सहसा शुद्ध राहतो. शेतकरी घरचं बियाणं दोन-तीन वर्षं बिनधास्त वापरू शकतो. दर वर्षी तिसऱ्या हिश्श्याचं बियाणं बदललं तरी पुरे. म्हणजे वर्षाला १०,००० टन बियाणं तीन लाख हेक्टरला पोसतं. संकरित मक्याला ही सवलत नाही, तिथे दर हंगामी नवं बियाणं.

दर्जा बिघडतो तो बहुधा शेतात नव्हे, मळणीयंत्रात. आधीच्या वाणाचे दाणे जाळीत, पेटीत, पोत्यांच्या शिवणीत राहतात. बीजोत्पादनाच्या प्रस्तावात यंत्र झाडण्यासाठी कॉम्प्रेसर आणि नवी पोती यांची तरतूद नसेल, तर लिहिणाऱ्याने बीजप्रक्रिया केंद्र पाहिलेलं नाही असं खुशाल समजा. विलगीकरण अंतर (दुसऱ्या वाणाच्या शेतापासून ठेवायचं अंतर) गहू-भाताला ३ मीटर पुरतं, संकरित मक्याच्या प्रमाणित बियाण्याला २०० मीटर लागतं, पायाभूतला त्याच्या दुप्पट. लहान जमीनधारणेच्या भागात २०० मीटरची अट पाळायची म्हणजे सगळ्या शिवाराला राजी करणं आलं. त्यासाठी पेरणीच्या आधीचा महिना-दीड महिना राखून ठेवा.

आणि एकच वाण वाढवू नका. इथिओपियात २०१० साली पिवळ्या तांबेऱ्याने (हा बुरशीचा रोग) गहू झोडपला. त्यानंतर 'दिगालू' हा प्रतिकारक वाण झपाट्याने पसरला. २०१३ मध्ये खोडावरच्या तांबेऱ्याची वेगळी प्रजात आली आणि दिगालूच आडवा झाला. प्रतिकाराचा आधार वेगवेगळा असलेले किमान तीन वाण एकाच वेळी बीजोत्पादनाच्या साखळीत ठेवावेत. पहिला पडला तर दुसऱ्याचं पायाभूत बियाणं तयार असतं, शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

प्रश्न: प्रात्यक्षिकाच्या शेतात उत्पादन जवळपास दुप्पट दिसतं. शेजारच्या शेतकऱ्यांनी तेच तंत्र वापरलं की वाढ दहा-पंधरा टक्क्यांवर येते. चूक कुठे होते?

प्रात्यक्षिकाचं शेत कसं निवडलं ते आधी विचारा. रस्त्यालगतची, सपाट, ओलिताची, हौशी शेतकऱ्याची जमीन निवडली जाते. खत फुकट, तण काढायला प्रकल्पाची मजुरी, कीड दिसताच गाडी हजर. शेजाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. तिथे तुम्ही तंत्र नव्हे, प्रकल्पाचा पैसा दाखवत असता.

दुसरी चूक मापनाची. वाफ्याच्या कडेची झाडं ऊन आणि अन्न जास्त घेतात. कड धरून कापणी केली की लहान वाफ्यात आकडा फुगतो. चारी बाजूंनी किमान अर्धा मीटर सोडून आतलं क्षेत्र मोजा. पीक कापणीची जागा डोळ्यांनी निवडू नका, सोडतीच्या आकड्यांनी पावलं मोजून ठरवा. मग ओलावा. ५ मीटर × ५ मीटरच्या तुकड्यातून साडेबारा किलो भात निघालं तर लोक लगेच हेक्टरी ५ टन लिहितात. दाण्यात ओलावा २० टक्के असेल आणि हिशेब १४ टक्क्यांवर करायचा असेल, तर १२.५ ला ८० ने गुणून ८६ ने भागा: ११.६ किलो. म्हणजे ४.६५ टन. साडेतीन क्विंटल नुसतं पाणी होतं. दोन तंत्रांतला फरकच जर तेवढा असेल, तर ओलावामापकाशिवाय केलेली सगळी कापणी वाया गेली.

तिसरं, शेतांची संख्या. एकाच शेतातल्या दोन पद्धतींमधला फरक शेतागणिक बदलतो. त्या फरकाचं प्रमाण विचलन (सरासरीपासून होणाऱ्या चढउताराचं माप) सरासरी उत्पादनाच्या २५ टक्के धरणं अवाजवी नाही. अशा वेळी १० टक्के वाढ भरवशाने दाखवायला सुमारे ५० शेतं लागतात. २० टक्के वाढ दाखवायची असेल तर १२-१३ पुरतात. पाच प्रात्यक्षिकांवर '१२ टक्के वाढ' असा अहवाल लिहिला जातो, त्यात माहिती काहीच नसते. शेतं वाढवा, प्रत्येक शेतात वाफे कमी ठेवा, खत-बियाणं शेतकऱ्याला विकत किंवा उधारीवर द्या, आणि कामं त्यालाच करू द्या. उत्पादन कमी दिसेल, पण तो आकडा पुढच्या वर्षीही टिकेल.

राहता राहिला परवडीचा प्रश्न. एक किलो नत्राची किंमत ५ किलो धान्याएवढी आहे आणि त्यातून १२ किलो धान्य वाढतं, तर परतावा २.४ पट. दोनच्या खाली परतावा गेला की कोरडवाहू शेतकरी सहसा खत टाकत नाही, आणि त्यात तो शहाणाच आहे. पाऊस रुसला आणि वाढ ६ किलोवर आली तर हाच परतावा १.२ उरतो. शिफारशीतला प्रत्येक घटक असा वेगवेगळा तपासा. पूर्ण मात्रेला परतावा दीडपट आणि अर्ध्या मात्रेला अडीचपट असेल, तर अर्धी मात्रा हीच तुमची शिफारस.

प्रश्न: तज्ज्ञ, वाहनं, यंत्रं, प्रशिक्षण यांत खर्चाची विभागणी कशी असावी?

ठरीव टक्केवारी नाही. पण खर्चाआधी तारखा लिहा. पेरणीची तारीख भिंतीवर लावा आणि मागे या. पेरणीच्या एक महिना आधी बियाणं गावात. त्याच्या आधी उगवणचाचणी आणि प्रक्रिया, दीड महिना. बियाणं बाहेरून येणार असेल तर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, आयात परवाना, विलग्नवास (क्वारंटाइन). गहू, भात, मका, ज्वारी ही पिकं २००४ पासून अमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पती जनुकसंपदा कराराच्या यादीत आहेत, तेव्हा संशोधन व पैदाशीसाठी त्यांचे नमुने ठरावीक नमुना-करारावर सही करून मिळतात. दर वेळी नव्याने वाटाघाटी लागत नाहीत. तरी सहा महिने हातचे धरा. यंत्रांना निविदा, जहाज, सीमाशुल्क मिळून बहुधा त्याहून जास्त. प्रकल्पावरची सही पेरणीच्या चार महिने आधी झाली असेल, तर पहिला हंगाम गेला असं समजूनच आराखडा करा. अन्न व कृषी संघटनेच्या तांत्रिक सहकार्य कार्यक्रमासारख्या व्यवस्थेत मुदत दोन वर्षांच्या आसपास असते. एक हंगाम हुकला की अर्धा प्रकल्प संपला.

तज्ज्ञाचे सलग बारा महिने मागण्यापेक्षा तीन-तीन, चार-चार आठवड्यांच्या फेऱ्या मागा: पेरणीला एक, फुलोऱ्याला एक, काढणीला एक. तोच माणूस पुन्हा आला पाहिजे. प्रत्येक तज्ज्ञासमोर आपला एक कायम नेमणुकीतला माणूस नावानिशी लिहा. ती जागा रिकामी असेल तर तज्ज्ञ स्वतःच काम उरकतो, आणि जाताना ज्ञान सोबत घेऊन जातो.

यंत्राच्या किमतीचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी देखभालीला लागेल असं धरून, प्रकल्प संपल्यावर तो कोणत्या लेखाशीर्षातून येणार ते प्रस्तावातच नमूद करा. प्रकल्पानंतर खर्च कोण उचलणार याचा विचार नसला की काय होतं ते विस्तारसेवेत, म्हणजे शेतकऱ्यापर्यंत सल्ला पोचवणाऱ्या यंत्रणेत, मोठ्या प्रमाणात दिसलं. विस्तारतज्ज्ञ डॅनियल बेनोर यांची 'प्रशिक्षण आणि भेट' पद्धत सत्तरीच्या दशकापासून जागतिक बँकेच्या कर्जावर अनेक देशांत पसरली. ठरलेल्या दिवशी शेतकऱ्याच्या बांधावर जाणारा कर्मचारी, वरून ठरलेलं प्रशिक्षण, सगळं शिस्तीचं. कर्ज संपल्यावर एवढ्या कर्मचाऱ्यांचे पगार आणि प्रवासभत्ते सरकारांना झेपेनात, आणि नव्वदच्या दशकात ती पद्धत बहुतेक ठिकाणी गुंडाळली गेली.

प्रश्न: माती तपासणी प्रयोगशाळा प्रकल्पात मागावी का?

वर्षाला किती नमुने येतील, रसायनं कोण विकत घेईल आणि निकाल पेरणीआधी शेतकऱ्याच्या हाती पडेल का, या तिन्हींची उत्तरं असतील तर मागा. नसतील तर तोच पैसा एक-वजा चाचण्यांच्या शेतांवर घाला. तिथे पीकच निकाल सांगतं.

प्रश्न: समजा प्रकल्प यशस्वी झाला आणि उत्पादन खरंच वाढलं. मग भाव पडणार नाही का? हे काम तांत्रिक प्रकल्पाचं आहे का?

पडू शकतो, आणि आराखडा करणाऱ्याने ते धरलंच पाहिजे. २००१ मध्ये इथिओपियात मक्याचं भरघोस पीक आलं. साठवण नव्हती, खरेदीदार मोजके होते, शेजारच्या देशांत निर्यातीची सोय नव्हती. भाव इतके कोसळले की काहींना काढणीचा खर्चही परवडेना. पुढच्या हंगामात शेतकऱ्यांनी खत आणि सुधारित बियाणं यावरचा खर्च आखडला, त्यातच २००२ मध्ये दुष्काळ पडला आणि एक कोटीहून अधिक लोकांना अन्नमदतीची गरज लागली. तंत्रात खोट नव्हती.

वरचं नत्राचं गणित पुन्हा घ्या. धान्याचा भाव ४० टक्क्यांनी उतरला की ५ किलोचं नत्र ८.३ किलोचं होतं आणि २.४ पट परतावा १.४ वर येतो. म्हणजे तुमची शिफारस एका बाजारहंगामात चुकीची ठरते. म्हणून प्रस्तावातच ३० आणि ४० टक्के भावघसरणीवर परतावा काढून दाखवा, आणि त्यातही टिकणारी मात्रा शिफारस म्हणून द्या.

तांत्रिक प्रकल्पाच्या हातात थेट येणारी गोष्ट म्हणजे काढणीनंतरचे तीन महिने. सगळे एकाच आठवड्यात ओलं धान्य बाजारात आणतात कारण ते घरी टिकत नाही. मका १८-२० टक्के ओलाव्याला काढून ढीग लावला की बुरशी धरते, आणि अफ्लाटॉक्सिन (त्या बुरशीचं विष) एकदा तयार झालं की वाळवून जात नाही. १३ टक्क्यांपर्यंत वाळवण्यासाठी ताडपत्री, गावात एक ओलावामापक आणि हवाबंद पिशव्या, एवढ्यावर शेतकरी विक्री दोन-तीन महिने पुढे ढकलू शकतो. हवाबंद पिशवीतली कीड आतला प्राणवायू संपला की मरते, त्यामुळे औषधाची गोळी लागत नाही; मात्र धान्य ओलं भरलं किंवा पिशवीला एक भोक पडलं तर सगळा फायदा गेला. पिशव्या ठेवण्याच्या जागी उंदरांचा बंदोबस्त आधी करा, आणि हे सामान काढणीच्या सहा आठवडे आधी गावात पोचेल अशी खरेदीची तारीख पेरणीच्या वेळापत्रकातच लिहून टाका.